माझं घर आणि दुसऱ्या लग्नाच्या याद्या

८ ऑगस्ट २०२०, शनिवार

पोलिसांनी आज पद्माकरला अडवलं! माझ्या घरापासून दोन मिनिटांवर, पॉइंट कुकच्या राउंडअबाउटपाशी. तो टार्नेटहून येत होता, म्हणजे पाच किलोमीटरच्या बाहेरून, म्हणजे या लॉकडाउनमध्ये जवळजवळ स्मगलरच. पोलीसबाई विशीतली. 'कुठे निघालात?' हा म्हणाला, 'फ्रेंडकडे.' ती म्हणाली, 'फ्रेंड इज नॉट अ रीझन, सर.' जोडीदाराकडे जायला तेवढी परवानगी. मागे गाड्यांची रांग. शेवटी मास्कच्या आतून, मान खाली घालून, सदुसष्ट वर्षांचा हा माणूस पुटपुटला, 'शी इज माय... इंटिमेट पार्टनर.'

'लाउडर, सर.'

मला सांगतानाही त्याचे कान लाल झाले होते. मी ओट्याला धरून हसले. दोन वर्षांची आमची ओळख. मंडळाच्या गणपतीत त्याने माझा बंद पडलेला मिक्सर दुरुस्त केला, तेव्हापासून शनिवारी पोहे खायला येतो. हार्मोनियम वाजवतो. वाईट वाजवतो.

पोहे खाता खाता म्हणाला, 'शुभदाताई, आपण लग्न करून टाकू या का? निदान रस्त्यात वाइफ म्हणता येईल.'

ताई म्हणून मागणी घातली! मी हो म्हटलं. नंतर चाखून पाहिलं तर पोह्यांत मीठच नव्हतं. तो एक अक्षर बोलला नाही.

१० ऑगस्ट, सोमवार

हो म्हणून बसले खरी. सकाळपासून भिंतींकडे बघतेय.

सासरी दारावर सासऱ्यांची पाटी होती. मग मोहनची आली. मोहन गेला आणि तेराव्याच्या आत कळलं, की पुण्याचा फ्लॅट दिरांच्या नावावर आहे. हप्ते माझ्याही पगारातून गेले होते, पण ते कुणाला आठवेना. इथे मेलबर्नला तेव्हा भाड्याचं युनिट. खिळा ठोकायची चोरी. एजंट येऊन भिंतींवरून हात फिरवून जायचा.

मग मी पॅथॉलॉजीत लोकांची रक्तं काढून काढून हे घर घेतलं. लेटरबॉक्सवर माझं एकटीचं नाव. आता हवे तेवढे खिळे ठोकता येतात, म्हणून मी एकही ठोकलेला नाही! कॅलेंडर फ्रिजवर चुंबकाने. मोहनचा फोटो पुस्तकांना टेकवून कपाटात. कोरी भिंत, माझी भिंत.

आणि आता लग्न. पद्माकर भला माणूस आहे. दीरही भलेच होते.

१२ ऑगस्ट, बुधवार

हेलनशी फोनवर बोलले. हेलन वकील. आमच्या सेंटरला रक्त द्यायला येते, सुई बघितली की चक्कर येते तिला. आज चक्कर यायची पाळी माझी. म्हणाली, या वयात लग्न करताना खूप जण बाइंडिंग फायनान्शियल अ‍ॅग्रीमेंट करतात. लग्न टिकलं तर कागद कपाटात. मोडलं तर ज्याचं त्याचं, ज्याच्या त्याच्याकडे. दोघांना वेगवेगळे वकील हवेत. सही दोघांची, राजीखुशीने. आणि लग्न झालं की तुझं जुनं मृत्युपत्र रद्द होईल, नवं करून घे.

मी म्हटलं, एका वेळी एकच अपशकुन.

कागदाचं पटलं. पण हे पद्माकरला सांगायचं कुणी? आमच्याकडे देण्याघेण्याची बोलणी नवरा-नवरीने कधी केली आहेत? माझ्या पहिल्या लग्नात श्रीनाथमामाने केली. दोन्हीकडची मंडळी सतरंजीवर, फुलस्केप कागदावर याद्या. कुणी काय द्यायचं, कोणता खर्च कुणाचा. चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावून कागदांची अदलाबदल. मी आत चहा गाळत होते. माझ्याच लग्नाच्या याद्या मी अजून वाचलेल्या नाहीत!

मामा जाऊन पंधरा वर्षं झाली. दुसरा मामा आणायचा कुठून?

१३ ऑगस्ट, गुरुवार

मामा मिळाला. सलिल. माझा मुलगा. गिरावीनला असतो, सिडनीत, सीमा बंद, म्हणजे समोरासमोर यायची भीती नाही. त्याला फोन करून म्हटलं, मी पद्माकरांना सांगणार आहे की कागद करायचा आग्रह तुझा आहे.

'पण माझा नाहीये.'

'माहितेय मला.'

'आई, यू वॉन्ट मी टू बी द बॅड गाय?'

'बॅड गाय नाही रे. मामा.'

'व्हॉट?'

कामात आहे म्हणाला आणि ठेवला फोन. नाही म्हणाला नाही, म्हणजे हो.

१५ ऑगस्ट, शनिवार

सांगितलं! आधी त्याला तिसरा चहा दिला. मग म्हटलं, 'माझं काही नाही हो, पण सलिल म्हणतोय... हल्लीची मुलं... घराचा वगैरे एखादा कागद...'

पद्माकरने कप खाली ठेवला. आणि तो म्हणतो, 'काय योगायोग बघा! रुचाही अगदी हेच म्हणतेय. कधी विषय काढू, तेच समजत नव्हतं.'

रुचा त्याची मुलगी. अ‍ॅडलेडला, मॉसन लेक्सच्या युनीत शिकवते. मी हसून म्हटलं, 'छान! दोन्ही मुलं समजूतदार निघाली.'

तो गेल्यावर मात्र डोकं फिरलं. कोण ही रुचा? माझी-तिची ओळख ना पाळख, आणि माझ्यावर संशय? मी काय हिच्या वडिलांच्या टार्नेटच्या घरावर डोळा ठेवून बसलेय? तिथे गवतसुद्धा धड उगवत नाही! माणसांनी इतकंही व्यवहारी असू नये.

(हे लिहिलं आणि वाचलं. असू दे.)

२९ ऑगस्ट, शनिवार

मालमत्तेचा तपशील द्यायचाय. मी लिहिलं: घर, सुपर म्हणजे निवृत्तीची पुंजी, कोरोला, दागिने. मग पुरणयंत्र लिहिलं. मग अळूची कुंडी. मेलबर्नच्या थंडीत अळू जगवणं म्हणजे काय, ते ज्याचं त्यालाच कळतं. थंडीभर बाथरूममध्ये ठेवते, हीटर लावून.

हेलनचा ईमेल: कुंड्यांची गरज नाही.

पद्माकरच्या यादीत विरजण निघालं! विरजण! पहिल्या लॉकडाउनमध्ये मीच त्याला वाटीभर दिलं होतं, त्याने काचेच्या बरणीत वाढवलं. मी म्हटलं, ते उसनं आहे, तुमच्या मालमत्तेत कसं? तो म्हणाला, मूळ तुमचं, वाढ माझी. तासभर यावर वाद. दोघांनाही फार मजा आली. घरांचं नाव मात्र कुणी काढलं नाही. ते काय, मुलांचं म्हणणं!

१९ सप्टेंबर, शनिवार

मसुदा आला. एकतीस पानं. सगळी वाचली. शब्दकोश घेऊन, चष्मा पुसून पुसून. पहिल्या लग्नाच्या याद्या वाचल्या नव्हत्या, त्याची भरपाई. माझं घर माझं. त्याचं घर त्याचं. कुणी कुणाकडे काही मागायचं नाही. वाचून गार वाटलं. मग थोडं जास्तच गार वाटलं, शाल घेतली.

रुचाचा व्हॉट्सअ‍ॅप आला, 'हाय शुभदा मावशी, सो हॅपी फॉर यू बोथ!' सोबत बदाम. बदाम पाठवते आणि कागदही मागते! उत्तर म्हणून नुसता अंगठा पाठवला.

३ ऑक्टोबर, शनिवार

काल व्हिडिओवर हेलनसमोर सह्या केल्या. शाईच्या पेनने, दोन्ही प्रतींवर. आज त्या पद्माकरला द्यायच्या होत्या, सोमवारी तो त्याच्या वकिलासमोर सही करणार.

पाकिटात घालताना हात अडखळला. असा कोरा कागद कसा द्यायचा? याद्या आहेत या! देवघरातून कोयरी आणली, प्रत्येक पानाच्या चारी कोपऱ्यांना हळदकुंकू लावलं. एकतीस पानं, दोन प्रती. कंबरेचा काटा ढिला झाला, पण शोभा आली हो कागदाला! वकिलाचा कागद वाटेना, लग्नाचा वाटायला लागला.

पद्माकरला सांगितलं नाही. उघडेल तेव्हा बघेल.

५ ऑक्टोबर, सोमवार

अरे देवा!

मी विसरलेच, की हा माणूस केळीसुद्धा साबणाने धुतो. घरी गेल्यावर दारातच, डोळे मिटून, पाकीट उघडून पानापानावर सॅनिटायझरचा फवारा मारला. दोन्ही प्रतींवर! मग कपडे वाळत घालायच्या दोरीला चिमटे लावून टांगली. हळद उतरली कुंकवात, कुंकू उतरलं शाईत, माझी सही गेली वाहून. आज सकाळी व्हिडिओवर त्याने ती पानं वकिलाला दाखवली. वकील किंचाळला, 'इज दॅट ब्लड?'

पद्माकर म्हणाला, 'नो नो, इट्स ऑस्पिशस.'

मग हेलनचा फोन. तिला पहिल्यापासून सगळं समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, 'शुभदा, मी खूप करार पाहिले. मॅरिनेट केलेला पहिलाच.'

सगळं पुन्हा छापायचं, पुन्हा सह्या. अधिक महिन्यात याद्या केल्या, दुसरं काय होणार! माझी मीच शहाणी.

११ ऑक्टोबर, रविवार

आज बिंग फुटलं.

झूमवर लग्न कसं दाखवायचं, ते विचारायला रुचाने सलिलला फोन केला. बोलता बोलता म्हणाली, 'आय गेट इट, तुला आईच्या घराची काळजी असेल.' सलिल म्हणाला, 'मला? मला वाटलं तुला बाबांच्या घराची काळजी आहे.' पुढचं दोघांना एका मिनिटात उलगडलं. शिकलेली मुलं आहेत.

दुपारी आम्हा दोघांना झूमवर बोलावून घेतलं. चार चौकोन. कोर्टच!

सलिल म्हणाला, 'फॉर द रेकॉर्ड, मला घर नको होतं. नेव्हर सेड इट.'

रुचा म्हणाली, 'बाबा, मी हे कधी म्हटलं? मावशी मला नुसते अंगठे पाठवतायत, मला वाटलं माझंच काही चुकलं!'

पद्माकर आपल्या चौकोनात भिंतीकडे बघत होता. मी अळूकडे.

'यू टू टॉक,' सलिल म्हणाला, आणि दोन्ही मुलं निघून गेली. राहिले दोन चौकोन. इतकी लाज मला पहिल्या लग्नातही वाटली नव्हती.

शेवटी बोलले. म्हटलं, 'घर माझं आहे. ते माझंच राहायला हवं. सलिलला नकोय, मला हवंय. एकदा हातचं गेलंय माझं. तुम्ही वाईट आहात म्हणून नाही. मला भीती वाटते म्हणून.'

बोलले आणि छातीवरचा धोंडा उतरला. घरात कुणीही नसताना दार लावून घेतलं होतं, ते उठून उघडलं.

तो म्हणाला, 'मीनाक्षी जाताना तिला शब्द दिला होता मी. टार्नेटचं घर रुचाचं. तुम्हाला सांगायची लाज वाटली. म्हणाल, लग्न माझ्याशी आणि शब्द बायकोचा पाळतो.'

'मग पाळायलाच हवा! पण हे मला सरळ सांगायला तुला काय झालं होतं?'

तो एकदम कॅमेऱ्याजवळ आला. 'तू म्हणालीस?'

'म्हणाले.'

'बरं वाटलं.' मग म्हणाला, 'तू म्हणतेसच, तर एक सांगतो. रुचा अ‍ॅडलेडला घर घेतेय. लग्न झालं की मी माझं विकून तिला पैसे देणार. मग उद्या तू माझ्याआधी गेलीस, तर काय? सलिल मला हार्मोनियमसकट दारापुढच्या नेचर स्ट्रिपवर, गवतात ठेवेल. हार्ड रबिश! कौन्सिलचा ट्रक येऊन घेऊन जाईल.'

मी खूप हसले. तोही हसला. पण जरा उशिरा हसला.

२६ ऑक्टोबर, सोमवार

व्हिक्टोरियात आज एकही नवा पेशंट नाही! शून्य! सेंटरला सगळ्यांनी डोनट आणले, मी तीन खाल्ले. दुपारी नव्या प्रतींवर सही. हेलनने बजावलं होतं, 'नो स्पाइसेस.' पद्माकरची सही संध्याकाळी. काल दसरा होता, म्हणून हळदकुंकू फक्त बाहेरच्या पाकिटाला लावलं. पाकिटाला तर चालतं ना?

घर माझं. आता कायद्याने, कुणाचीही भीड न ठेवता, माझं. खीर केली. एकटीनेच खाल्ली.

१६ नोव्हेंबर, सोमवार, पाडवा

लग्न झालं. साडेतीन मुहूर्तांतला दिवस, गुरुजींना विचारायचीही गरज नाही. माझ्या बॅकयार्डमध्ये, अळूच्या कुंडीशेजारी. दहाच माणसांना परवानगी, आम्ही धरून सहाच जमलो. हेलन आली होती, लाल साडी नेसून, पदर उलटा घेऊन. सलिल आणि रुचा लॅपटॉपवर. दोघं मिळून ऑनलाइन अक्षता टाकत होते, म्हणजे कॅमेऱ्यावर तांदूळ मारत होते.

लग्न लावणारी सेलिब्रंट म्हणाली, यू मे किस द ब्राइड. पद्माकरने माझ्याशी शेकहँड केला.

संध्याकाळी त्याला ओवाळलं. त्याने ओवाळणी म्हणून तबकात विरजणाची बरणी ठेवली. 'मुद्दल आणि व्याज,' म्हणाला.

मग गाडीतून सुटकेस आणि हार्मोनियम काढून दारात उभा राहिला. दार सताड उघडं होतं. तरी विचारतो, 'आत येऊ का?'

मी गंमत समजून म्हटलं, 'या, रावसाहेब!'

२१ नोव्हेंबर, शनिवार

गंमत नव्हती ती. सगळं विचारून करतो.

'हा कप घेऊ का?' 'हीटर लावला तर चालेल का?' 'माझं टपाल इथे मागवू का?' पेपर वाचून झाला की घडी घालून होता तिथे ठेवतो. अंघोळ झाली की फरशी कोरडी करून बाहेर. हार्मोनियम मी न सांगता गॅरेजमध्ये, खाली पुठ्ठा घालून. पाहुणासुद्धा आठवड्यात सैलावतो. एवढा नीटनेटका नवरा मिळावा म्हणून बायका सोळा सोमवार करतात आणि मला इथे रडू येतंय!

मी म्हटलं, 'अरे, घर समजून राहा ना.' तो लगेच म्हणाला, 'हो हो, अगदी!' आणि विचारलं, 'खिडकी उघडू का?'

२९ नोव्हेंबर, रविवार

टार्नेटचं घर विकायला काढलं. तो आज शेवटचं आवरून आला. एक खोकं आणलं, फ्रेमच्या आकाराचं, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं. मी विचारलं, काय आहे? 'काही नाही, असंच जुनं.' हॉलच्या भिंतीकडे एकदा बघितलं. मग खोकं पलंगाखाली सरकवलं.

केर काढताना मी कागद सारून पाहिलं. मीनाक्षीचा फोटो.

आत येऊ का विचारणारा माणूस याबद्दल विचारूही शकला नाही.

मी हे घर कुणापासून वाचवत होते? दिरांपासून. आणि दीर तर कधीचे पुण्यात बसलेत.

४ डिसेंबर, शुक्रवार

हेलनकडे जाऊन मृत्युपत्रावर सही केली. घर शेवटी सलिलचंच. पण मी आधी गेले, तर पद्माकर असेपर्यंत त्याला इथून कुणी हलवायचं नाही. हार्मोनियमलाही नाही. हेलन म्हणाली, 'आर यू शुअर? आफ्टर ऑल दॅट?' मी म्हटलं, माझंच आहे, म्हणून तर देता येतंय. सलिलला आधी विचारलं होतं. 'अबाउट टाइम, आई,' म्हणाला. पद्माकरला सावकाश सांगेन.

घरी आले. पलंगाखालचं खोकं काढून टेबलावर ठेवलं, शेजारी हातोडी. त्याने हातोडी उचलली. मग घसा खाकरून म्हणाला, 'शुभदा, हॉलमध्ये एक खिळा ठोकू का?'

कपाटातून मोहनचा फोटो आणला. म्हटलं, 'दोन ठोक.'